पापण्यांचं तेल

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हाला माझा फक्त ‘हॅलो’ ऐकू येतो, पुढचं सगळं मला ओरडून सांगावं लागतं आणि ऑफिसातल्या लोकांना वाटतं सर कुणावर तरी चिडलेत. म्हणून हे पत्र.

बातमी मोठी आहे. पडेगावला पप्पांचं कापसाचं गोदाम होतं ना, त्या शेडमध्ये आता बियांचं तेल काढायची मशीन उभी आहे. घाणा नाही, तेल विरघळवायचं हेक्झेन नाही, कसलंच केमिकल नाही. फक्त कार्बन डायऑक्साइड! आपण श्वासातून सोडतो तोच. त्याला इतका दाबायचा, जरा तापवायचा, की आपण वायू आहोत की द्रव हे त्याचं त्यालाच कळत नाही. याला सुपरक्रिटिकल म्हणतात. अशा गोंधळलेल्या अवस्थेत तो बियांच्या भुग्यातून फिरतो आणि तेल घेऊन बाहेर येतो. दाब सोडला की तो उडून जातो, खाली राहतं शुद्ध तेल. मी हे सांगतो तेव्हा लोक उठून उभे राहतात.

आधी डाळिंबाच्या बिया घेणार होतो. पण एका पल्पच्या कारखान्यामागं सीताफळाच्या बियांचा डोंगर पडलेला. मालक म्हणाला, ‘घेऊन जा, उपकार होतील.’ आपल्या दौलताबादकडच्या सीताफळाचं तेल, विचार करा! ब्रँडचं नावही तुमच्यावरूनच ठरलं: ‘द्वारकाआजी’. खाली लिहायचं, ‘आजीचं गुपित, विज्ञानाची साक्ष’. तुम्ही माझ्या आत्या आहात हे खरं, पण जाहिरात एजन्सीवाले म्हणतात गिऱ्हाइकाला आत्या चालत नाही, आजीच लागते. तरी नऊवारीतला एक फोटो पाठवा. हातात पितळी वाटी आणि चेहऱ्यावर बोळकं हसू असलं तर उत्तम.

मशीन चालवायला गारखेड्याची विशाखा दाभाडे म्हणून एक इंजिनिअर ठेवलीय. हुशार आहे, पण सारखी शंका काढते. कोट्यातून आलेल्यांना कॉन्फिडन्स कमी असतो, दुसरं काय.

तुमचा,
ऋतुराज

*

अंबाजोगाई
२२ ऑक्टोबर २०२४

चि. ऋतुराजला आशीर्वाद.

लोक उठून उभे राहतात असं लिहिलंस. टाळ्या वाजवायला की घरी जायला, ते लिहायचं राहिलं.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. माझ्याजवळ कसलंही गुपित नाही. नऊवारी मी गॅदरिंगच्या नाटकातसुद्धा नेसले नाही. बोळकं हसू तर विसरच; माझे दात शाबूत आहेत आणि तुझं पत्र आल्यापासून मी ते तुझ्यावरच खातेय.

सीताफळाच्या बियांचं आपल्या घरी काय व्हायचं ते सांगते. आम्हा पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की आई त्या बिया वाटून केसांना चोपडायची. पण त्याआधी डोळ्यांवर फडकं बांधायची, इतकं घट्ट की कपाळ दुखायचं. डोळ्यात गेलं तर काय होतं, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. उवा मात्र लई झटक्यात मरायच्या. हा तुझा वारसा. बाटलीवर छापायचा तर उवेचं चित्र छाप.

आणि ते कोट्याचं. तुझी इंजिनिअरिंगची सीट कुठून आली, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या बापानं पैठण रोडचं वावर विकलं आणि संस्थाचालकाच्या बंगल्यावर पेढे घेऊन गेला. त्या पोरीला निदान परीक्षा तरी द्यावी लागली. तिच्या कॉन्फिडन्सची काळजी तू करू नकोस. तिची शंका काय आहे, तेवढं मला सरळ मराठीत लिहून पाठव.

आत्या

*

पडेगाव
९ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,

दिवाळीला फराळ पाठवलात, पण सोबत चिठ्ठी नव्हती, त्यावरून तुम्ही रागावलात हे कळलं.

उवांची गोष्ट मी मीटिंगमध्ये सांगितली. कुणालाच आवडली नाही. आत्या, तो पाट्या-वरवंट्याचा काळ होता. आमच्याकडं आत केमिकल जातच नाही, मग बाहेर विष कुठून येणार? विशाखाची शंका तीच, तुमचीच. तिचं म्हणणं, तेलाबरोबर बियांतलं कीडमार द्रव्यही उतरतं. तिनं बाहेरून तपासणी करून घेतली. तो रिपोर्ट मी स्वतः पाहिला. चांगला जाड आहे. त्यात ‘विष’ असा शब्द कुठंही नाही.

आता खरी आयडिया ऐका. चेहऱ्याचं तेल सगळे विकतात, केसांचं तर गल्लोगल्ली. पापण्यांचं तेल कोण विकतं? कुणीच नाही! म्हणजे अख्खं मार्केट आपलं. ‘द्वारकाआजी नेत्रा: घनदाट पापण्यांसाठी, शंभर टक्के रसायनमुक्त’. ८ डिसेंबरला जालना रोडच्या हॉलमध्ये उद्घाटन आहे. एका आमदारांच्या वहिनी पाहुण्या म्हणून येतायत. रूपाली स्टेजवर येऊन सगळ्यांसमोर पहिलं बोट पापण्यांना लावणार. बायकोनं लावलं की लोकांचा विश्वास बसतो.

तुम्ही फोटो पाठवला नाहीत म्हणून एजन्सीनं तुमचा निरोप समारंभाचा फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर दात काढले, नऊवारी नेसवली. फार गोड दिसताय.

विशाखाला मी तूर्त स्टोअरमध्ये पोती मोजायला बसवलंय. थोडी विश्रांती मिळेल, विचार पॉझिटिव्ह होतील.

ऋतुराज

*

अंबाजोगाई
१७ नोव्हेंबर २०२४

ऋतुराज,

या खेपेला आशीर्वाद नाहीत.

माझे दात कॉम्प्युटरवर काढलेस ते बरं केलंस. खरे काढायला आला असतास तर तुझं बोट राहिलं नसतं. तो चेहरा आणि ते नाव बाटलीवरून उतरव. मी सांगतेय म्हणून नाही, ते खोटं आहे म्हणून.

‘रसायनमुक्त’ हा शब्द ज्यानं काढला त्याला माझ्या वर्गात बसव. पाणी रसायन आहे, मीठ रसायन आहे, तुझ्या डोक्यात जे काही असेल तेही रसायनच असणार. धोतऱ्याच्या बीचं तेल तू सोन्याच्या यंत्रातून काढलंस तरी ते धोतऱ्याचंच राहील. तू साप साबणानं धुतलायस, आणि आता तो गळ्यात घालायला बायकोला स्टेजवर बोलावतोयस.

तुला कॉन्फिडन्स दाखवायचाय ना? तुझे डोळे तुझे आहेत. रूपालीचे तुझे नाहीत.

विशाखाचा पत्ता मी तुझ्या ऑफिसातून मागवून घेतला. तिला वेगळं पत्र लिहिलंय.

द्वारकाबाई
(आजी नव्हे)

*

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बाई,

सविनय जयभीम.

तुमचं पत्र घरी आलं. रजिस्टर्ड पाकीट बघून बाबांना वाटलं कोर्टाचं आहे. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा ते हसले, आणि ‘या बाई आम्हाला शाळेत असत्या तर’ असं म्हणाले.

यंत्राबद्दल सरांनी तुम्हाला लिहिलं ते निम्मं बरोबर आहे. दाबलेला तो वायू भुग्यात वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवून घेतो, हे खरं. पण तो शुद्ध करत नाही. तो हमाल आहे, बाई. बीमध्ये जे जे त्याला उचलता येईल ते तो बाहेर आणून ठेवतो, तेलही आणि तेलात मुरलेलं विषही. हेक्झेन वापरलं नाही याचा अर्थ इतकाच, की तेलात हेक्झेन नाही.

खरं सांगू का, मला हे यंत्र आवडतं. डाळिंबाच्या बियांची पहिली चाचणी घेतली तेव्हा नळीतून ते पिवळं तेल आलं, आणि मी आईला फोन लावून नुसती हसत होते. चांगल्या यंत्राकडून असलं काम करून घेताना बघितलं की जास्त राग येतो.

मी सरांना दोनदा लेखी कळवलं. एकदा ते म्हणाले, ‘तू इंजिनिअर आहेस, डोळ्याची डॉक्टर नाहीस.’ दुसऱ्यांदा नुसतं पोत्यांकडं बोट दाखवलं. जिथं तक्रार करायची असते तिथंही केली. पोच मिळाली. पोच फार सुबक छापलेली आहे. राजीनामा मी दिलेला नाही. दिला, तर उद्या म्हणतील, यंत्र तिनंच चालवलं आणि पळून गेली.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं रूपालीताईंना भेटले. त्या पुंडलिकनगरला माहेरी आल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, चहा दिला. त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही.

माझ्या कॉन्फिडन्सबद्दल सर काय म्हणतात, ते मला माहीत आहे. शेडच्या भिंती पत्र्याच्या आहेत.

आपली,
विशाखा दाभाडे

*

छत्रपती संभाजीनगर
१२ डिसेंबर २०२४

ती. आत्या,

हे पत्र मी सांगतोय आणि रूपाली लिहितेय, कारण डॉक्टरांनी मला काही दिवस स्क्रीन बघू नका म्हणून सांगितलंय.

(आत्याबाई, कसली स्क्रीन? दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत. मी मधी मधी माझं लिहीन. त्यांना दिसत नाय. — रूपाली)

उद्घाटनाचा कार्यक्रम अतिशय देखणा झाला. हॉल गच्च भरला होता.

(पुढच्या दोन रांगा भरल्या होत्या. मागं केटरिंगवाले बसले होते.)

प्रात्यक्षिकाच्या वेळी आयत्या वेळी थोडा बदल करून मी स्वतःच तेल लावायचं ठरवलं.

(त्यांनी मला स्टेजवर बोलावलं, बाटली उघडली, माझ्या तोंडाजवळ बोट आणलं. मी माइक हातात घेतला आणि म्हणाले, ‘आधी तुम्ही.’ लोक हसले. त्यांना वाटलं नवरा-बायकोची गंमत चाललीय. मग हे पण हसले, आणि दोन्ही पापण्यांना चांगलं चोपडून लावलं. ‘बघा, किती गार वाटतंय,’ असं वहिनींना म्हणाले. काहीच झालं नाय. टाळ्या पडल्या. मला स्वतःलाच वाटलं, आपण खामखा भ्यालो.)

जेवणाच्या वेळी मला स्टेजच्या लाइटची किंचित ॲलर्जी झाली.

(जेवणात जिलबी घेताना डोळे चोळायला लागले. मग खुर्चीत बसले. मग खुर्चीतून खाली बसले. आत्याबाई, ते ओरडणं मी ह्या जन्मात विसरणार नाय. मी विशाखाला फोन लावला. ती म्हणाली, ‘पाण्यानं धूत राहा, थांबू नका, चोळू देऊ नका. आणि डॉक्टरला शुद्ध तेल म्हणू नका, सीताफळाच्या बिया म्हणा.’ पाहुण्यांना नमुन्याच्या बाटल्या वाटल्या होत्या. दवाखान्यात न्यायच्या आधी, केटरिंगवाले ह्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतत होते तोवर, मी बायकांच्या पर्समधून त्या परत काढून घेतल्या. वहिनी देईनात. म्हणाल्या, फुकटची वस्तू परत मागतात का? मी हिसकावून घेतली.)

डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही.

(डॉक्टर म्हणाले, बुबुळावरचा पापुद्रा सोलून निघालाय. उजवा डोळा बरा होईल, डाव्याचं सांगता येत नाय. ‘उवांचं औषध डोळ्यात गेलेले लोक खेड्यातून येतात माझ्याकडं,’ म्हणाले, ‘पण उद्घाटनातून आलेले तुम्हीच पहिले.’)

ही बातमी गावभर फोडण्यात विशाखाचा हात असावा असा मला दाट संशय आहे.

(हॉलमधल्या सगळ्यांनी व्हिडिओ काढलाय. विशाखा तिथं नव्हतीच.)

बाकी सर्व क्षेम.

ऋतुराज
(आणि रूपाली)

*

अंबाजोगाई
१८ डिसेंबर २०२४

चि. सौ. रूपाली,

तुझ्या पत्राला मी आधी हसले. खोटं कशाला सांगू, जिलबीपर्यंत हसले. मग चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ पत्र पुढं वाचलं नाही. त्याला मी मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला शिकवलंय. मूर्ख आहे, पण आमच्याच घरातला मूर्ख आहे.

हे त्याला वाचून दाखवू नकोस. तुला एकटीला विचारतेय. ‘आधी तुम्ही’ म्हणालीस, तेव्हा तुला काय होणार ते ठाऊक होतं. मग तू त्याला लावू का दिलंस? मी तुला दोष देत नाही. पण मला हे विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि तुलाही कधीतरी कुणीतरी विचारायला हवंच होतं.

आत्या

*

छत्रपती संभाजीनगर
२७ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाई,

व्हय, ठाऊक होतं.

विशाखा सांगून गेली त्या दिवशीच मी ह्यांना म्हणाले, हे तेल बंद करा. ते म्हणाले, ‘तू हिशेबात पडू नको.’ उद्घाटनाच्या सकाळी मी परत म्हणाले. ते म्हणाले, ‘तू साडी नीट नेस.’ स्टेजवर चढताना मी तिसऱ्यांदा हळूच म्हणाले, तर ह्यांनी हसून फोटोवाल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं एकच वाक्य उरलं होतं, ते मी माइकवर बोलले.

मला वाटलं, लावणार नाहीत. बायकोच्या डोळ्याला लावायला निघालेला माणूस स्वतःच्या डोळ्याला लावताना दचकेल, काहीतरी बहाणा करेल, लोक हसतील आणि विषय संपेल. म्हणजे ह्यांना सगळं माहीत आहे आणि तरी हे मला पुढं करतायत, असा माझा हिशेब होता. त्या रागातच होते मी.

आणि त्यांनी लावलं. एक क्षण थांबले नाहीत. त्यांचा खरंच विश्वास होता, आत्याबाई. माझा नवरा लबाड नव्हता. त्यांनी कुणाचंच ऐकलं नव्हतं, बस. रोज डोळ्यात औषध घालताना हेच मनात येतं, की लबाड असते तर त्यांचे डोळे वाचले असते.

पट्ट्या निघाल्या. उजव्यानं दिसतंय. डाव्यानं दुधातून बघितल्यागत.

रूपाली

*

पडेगाव
१९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

अक्षर मोठं आहे आणि ओळी तिरक्या जातायत, सांभाळून घ्या. मीच लिहितोय.

बाटल्यांवरची लेबलं मी स्वतः बसून काढली. तुमचं नाव, चेहरा, सगळं. पण पिंपं भरून तेल शिल्लक होतं. मी माणसांना सांगितलं, मागच्या नाल्यात ओतून द्या. रूपालीनं ते ऐकलं आणि विशाखाला बोलावून घेतलं. विशाखाला तोवर नागपूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती, जायच्या तयारीत होती. तरी आली. नाल्याचं ऐकून माझ्याकडं असं बघितलं, की बरं झालं मला एकाच डोळ्यानं दिसतं.

तिनं पिंपांवर धोक्याच्या खुणा लावल्या, घातक कचरा जाळतात तिकडची गाडी मागवली आणि शेवटचं पिंप चढेपर्यंत उन्हात उभी राहिली. मग यंत्राचा दाब पूर्ण उतरवला, झडपा बंद केल्या. मी जाऊन म्हणालो, ‘विशाखा मॅडम, तुम्ही परत या. डाळिंबाचं तेल काढू. तुम्ही म्हणाल ते होईल.’ मी तिला मॅडम म्हणायची ती पहिलीच वेळ होती. तिच्याही ते लक्षात आलं असावं.

ती म्हणाली, ‘सर, एक विचारू? त्या दिवशी ताईंनी लावलं असतं आणि हे ताईंना झालं असतं, तर तुम्ही तेल बंद केलं असतं का?’

आत्या, ‘हो’ माझ्या जिभेवर आलं होतं. असले प्रश्न मी कितीतरी मीटिंगमध्ये परतवलेत. पण रूपाली शेजारीच उभी होती, हातात माझ्या डोळ्यांचं औषध घेऊन. दोन महिने रोज तिनं ते घातलंय. तिच्याकडं बघून मला खोटं बोलवेना. मी म्हणालो, ‘नसतं केलं. तिची त्वचा नाजूक आहे म्हणालो असतो, आणि दुसऱ्या कुणाला तरी लावून दाखवलं असतं.’

विशाखानं मान हलवली, जणू गणिताचं उत्तर बरोबर आलं. शेडच्या किल्ल्या रूपालीच्या हातात दिल्या, हेल्मेट घातलं आणि निघून गेली.

रूपालीनं औषधाची बाटली माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि पुंडलिकनगरला माहेरी गेली. त्याला आता दोन आठवडे होत आले. शेड बंद आहे, किल्ल्या तिच्याकडंच आहेत. मी फोन केला तर उचलत नाही. मी गेलो तर सासरे चहा देतात आणि क्रिकेटवर बोलतात.

तुमचं पत्र ती वाचते, हे मला माहीत आहे. तिला लिहा. परत ये, असं लिहू नका. तो हक्क तुम्हालाही नाही आणि मला तर नाहीच. एवढंच लिहा, की त्या दिवशी मला खोटं बोलता आलं असतं, आणि मी बोललो नाही.

तुमचा,
ऋतुराज